पासबुक कुणाच्या कपाटात?

आमच्या शाळेतल्या बाई चार वर्षांपासून एका वृद्धाश्रमात राहतात. गडहिंग्लजहून एसटीने तासाभराच्या अंतरावर. एके काळी रविवारच्या बाजारात नुसत्या वासावरून मिरचीची पारख करणाऱ्या या बाई. मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तर तिथे कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस चालला होता. सगळ्यांना ओळीने बसवून एकेक केळे, एकेक राजगिऱ्याचा लाडू देण्यात आला. फोटो निघाले. मंडळी गेल्यावर बाई म्हणाल्या, "या महिन्यातला हा सहावा वाढदिवस. केळी फार झाली रे. माझं पासबुक तेवढं कुणी दाखवेल का मला?"

बाईंना पेन्शन आहे. पासबुक कार्यालयातल्या कपाटात आणि किल्ली व्यवस्थापकांकडे. पैशांत गडबड आहे असे बाईंचे म्हणणे नाही, माझेही नाही. पण स्वतःच्या पैशांचा आकडा पाहायला परवानगी का मागायची? "मग तुम्ही विचारत का नाही?" असे मी म्हटले. बाई क्षणभर गप्प बसल्या. "तू संध्याकाळच्या गाडीने जाशील. मला इथंच राहायचं आहे."

वृद्धाश्रम म्हटला की आपण लगेच मुलांना झोडपायला घेतो. नाटक-सिनेमांनी ती सवय चांगलीच लावली आहे. पण कुणाची मुले पुण्या-बंगळुरात भाड्याच्या दोन खोल्यांत असतात, कुणाला मूलबाळच नसते. शिवाय मुलांचा दोष काढून आतल्या माणसाला काय मिळते? तो आत गेल्यावर नागरिक उरतो की नाही, हे कुणी विचारत नाही.

कायदा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली केंद्राने तो केला. पोटगीसाठी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांतांकडे अर्ज करता येतो. वकील लागत नाही. अर्जदार स्वतः असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा स्वयंसेवी संस्थाही अर्ज करू शकते. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक आहे. मात्र या कायद्याची नजर मुख्यतः मुलांवर आणि मालमत्तेवर. आश्रमाच्या आतल्या रोजच्या जगण्याबद्दल तो फारसे बोलत नाही. दर्जा ठरवण्याचे काम त्याने राज्यावर सोपवले आहे.

अमेरिकेत १९७२ साली नर्सिंग होममधल्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी लोकपालासारखा एक प्रयोग सुरू झाला. १९७८ साली तो प्रत्येक राज्याला बंधनकारक झाला. त्यात प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक नेमाने भेटी देतात, रहिवाशाची संमती घेऊनच तक्रार पुढे नेतात आणि त्याचे नाव गुप्त ठेवतात. बाईंची अडचण नेमकी हीच तर आहे.

यासाठी आपल्याला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. १९७५ साली देवदासींची परिषद याच गडहिंग्लजमध्ये भरली होती. ज्यांच्यामागे घर नाही त्यांच्यामागे गाव उभे करण्याची सवय आपल्याला नवी नव्हे. निवृत्त शिक्षक, एखादी परिचारिका, बँकेतला एखादा कारकून, अशी चार-पाच माणसे पुरेत. वाढदिवस नसताना जायचे. दर पंधरवड्याला, आणि दर वेळी तीच माणसे. नाहीतर कुणी मन मोकळे करणार नाही. व्यवस्थापक समोर नसताना बसायचे. पत्र उघडून देतात का, फोन करू देतात का, मतदार यादीत नाव आहे का, औषध कशाचे ते सांगतात का, हे विचारायचे.

व्यवस्थापकांचीही बाजू आहे. कागद हरवला तर बोल त्यांनाच लागतो. देणग्या अपुऱ्या, आणि रात्री तीस माणसांमागे एकच बाई जागी. म्हणून आधी त्यांच्याशीच बोलावे. मी बोललो. "माझ्या लेकाला पासबुकातलं जरा समजावून सांगायचं आहे," अशी बाईंनी सबब सांगितली आणि मीही मान डोलावली. व्यवस्थापकांनी फारसे आढेवेढे न घेता कपाट उघडले. बाई चष्मा पुसून पहिल्या नोंदीपासून वाचू लागल्या. अर्धा तास गेला.

कपाटात आणखी दहा-बारा पासबुके होती. येत्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. कुणाला सोबत यायचे असेल त्यांनी सकाळी आठ वाजता गडहिंग्लज स्थानकावर यावे.