पाणीपुरीवाल्याचे हात बघताय? आधी जवळचा नळ कुठंय ते बघा

थोडं लांब लिहितोय. वेळ मिळेल तेव्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी ठरलेला कार्यक्रम असतो. कुणीतरी गाडीवरच्या पाणीपुरीचा नाहीतर चायनीजवाल्याचा व्हिडिओ टाकतं. बादलीतलं गढूळ पाणी, त्यातच बुचकळून काढलेल्या प्लेटा, शेजारी वाहणारं गटार. खाली दोनशे कमेंट. "या लोकांना हाकला", "लायसन्स रद्द करा", "म्हणून मी बाहेरचं खातच नाही". दोन दिवस कारवाई होते, गाड्या उचलल्या जातात. तिसऱ्या आठवड्यात सगळं होतं तिथंच आणि होतं तसंच. कमेंट करणाऱ्यांपैकी निम्मे पुन्हा त्याच गाडीवर उभे असतात. मीसुद्धा असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. गाडीवरची घाण हा आधी पाण्याचा प्रश्न आहे, मग जागेचा, आणि त्यानंतर विक्रेत्याच्या सवयींचा. आपण मात्र कायम शेवटापासून सुरुवात करतो.

आमच्या भागात एक मावशी वडापाव आणि मिसळ विकतात. त्यांना एकदा सरळच विचारलं, दिवसाला पाणी किती लागतं? त्यांनी हिशोब सांगितला. वीस लिटरचे दोन जार विकत घेतात आणि घरून एक कळशी आणतात. म्हणजे पन्नासेक लिटर. त्यातच गिऱ्हाइकाला प्यायला, रस्सा करायला, हात धुवायला आणि भांडी धुवायला. दिवसाला साधारण दीडशे प्लेटा जातात. आता एक प्लेट, एक चमचा आणि एक ग्लास वाहत्या पाण्याखाली नीट धुवायचे म्हटले तर लिटरभर पाणी कुठं गेलं नाही. म्हणजे नुसत्या धुण्यालाच दीडशे लिटर. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो वजन. एका बाईनं ते रोज कुठून आणि कसं आणायचं? मग एकच बादली येते आणि तीच दिवसभर पुरवली जाते. त्यांना स्वच्छता कळत नाही असं अजिबात नाही. त्यांच्या घरातली भांडी माझ्या घरातल्यापेक्षा लख्ख असतील. घरात नळ आहे, गाडीपाशी नाही, एवढाच फरक.

जारचं पाणी म्हटल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या लोकांना जानेवारी २०२५ आठवेल. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले आणि संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाणी आणि नीट न शिजलेलं चिकन हे त्याचे नेहमीचे रस्ते. त्या दिवसांत पहिला सल्ला काय मिळाला? बाहेरचं खाऊ नका. सल्ला चुकीचा नव्हता. गाड्यांवर शुकशुकाट झाला. पण तपासणी जसजशी पुढं गेली तसतशी चर्चा विहिरींवर, टँकरवर आणि खासगी आरओ प्लांटवर आली. ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, तिथल्या माणसांच्या घरातलंच पाणी भरवशाचं नव्हतं. मग त्याच भागातला गाडीवाला स्वच्छ पाणी कुठून आणणार होता? तो त्याच प्लांटचा जार विकत घेत होता. आपण मात्र त्याच्या हाताकडे बघत होतो.

आता कायद्याकडे येऊ. फेरीवाल्यांसाठी कायदाच नाही असा पुष्कळांचा समज आहे. कायदा आहे आणि चांगला आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की रस्त्यावर धंदा करणं हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी बंधनं घालता येतात.

२०१४ चा कायदा काय सांगतो? शहरातल्या विक्रेत्यांचं दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करायचं. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागेच्या क्षमतेनुसार सामावून घ्यायचं. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. उठवायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत द्यायचा. आपण आयुष्यात पाहिलेल्या गाड्या उचलण्याच्या कारवाया आठवा आणि यातलं किती पाळलं जातं ते स्वतःच ठरवा.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती तीन छोटी कलमं, ज्यांबद्दल कुणी बोलत नाही. कलम १५ म्हणतं, विक्रेत्यानं विक्रीक्षेत्रात आणि आजूबाजूला स्वच्छता राखली पाहिजे. कलम १६ म्हणतं, विक्रीक्षेत्रातल्या नागरी सुविधा त्यानं नीट सांभाळल्या पाहिजेत. आणि कलम १७ म्हणतं, त्या सुविधांच्या देखभालीसाठी त्यानं ठरलेलं शुल्क भरलं पाहिजे. तिन्ही कलमं एकत्र वाचा. नळ, ड्रेनेज, कचराकुंडी, शौचालय या गोष्टी तिथं असतीलच, असं कायद्यानं धरून चाललंय. सांभाळायच्या आणि पैसे भरायच्या तर आधी त्या हव्यात ना! आपल्याकडं कलम १५ तेवढं बरोबर लक्षात राहिलं. १६ आणि १७ वाचायला कुणाला वेळच मिळाला नाही.

दुसरा मुद्दा जागेचा. वरवर त्याचा स्वच्छतेशी संबंध दिसत नाही, पण फार जवळचा आहे. ज्या माणसाला उद्या आपली गाडी इथं असेल की नाही हे माहीत नाही, तो स्टीलचं टेबल करेल का? झाकणाची कचरापेटी, काचेची पेटी, पाण्याची टाकी आणि तोटी बसवून घेईल का? गाडी उचलली गेली तर हे सगळं तिच्याबरोबर जाणार, मग सोडवून आणायला हेलपाटे आणि दंड. म्हणून तो सगळ्यात स्वस्त, हलकं आणि पटकन उचलून पळता येईल असं सामान ठेवतो. आपण त्याला गबाळेपणा म्हणतो. प्रमाणपत्र आणि ठरलेली जागा मिळाली की हाच माणूस पदरचे पैसे घालतो. पीएम स्वनिधीचं कर्ज २०२० पासून मिळतंय. आधी पहिला हप्ता १० हजारांचा होता, २०२५ मध्ये तो १५ हजार झाला, पुढचे टप्पे ५० हजारांपर्यंत जातात. पण जागेचा भरवसा नसताना कर्ज काढून गाडी सुधारायची हिंमत कोण करणार? ते पैसे मालात जातात नाहीतर घरच्या दुखण्यात.

आणि माणूस म्हणून त्यांच्या दिवसाकडं जरा बघा. एप्रिल-मे मध्ये डोक्यावर ऊन आणि समोर पेटलेला शेगाव, छे, शेगडी म्हणतो आपण, प्रत्यक्षात भट्टीच ती. दहा-बारा तास उभं राहायचं. त्या मावशींना विचारलं, लघवीला कुठं जाता? हसल्या आणि म्हणाल्या, "पाणीच कमी पिते." सार्वजनिक शौचालय आहे, पण ते रात्री लवकर बंद होतं आणि त्यांचा खरा धंदा रात्री. उन्हात, आगीसमोर, पाणी न पिता उभी असलेली बाई. आपण म्हणतो, यांनी हातमोजे का घातले नाहीत? शौचालय नाही, त्याला जोडून हात धुवायला साबण-पाणी नाही, तर हातमोजा घालून काय साधणार? तोच हातमोजा पैसे घेणार, तोच पाव देणार.

आता विक्रेत्यांची बाजू घेतली म्हणजे त्यांना सगळं माफ असं नाही. काही गोष्टी पूर्ण त्यांच्याच हातात आहेत आणि त्यांना नळाची वाट बघावी लागत नाही. वापरलेल्या तेलातच दिवसेंदिवस नवं तेल ओतत राहणं. २०१८ पासून नियम आहे की तळणीच्या तेलातल्या पोलर संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही. गाडीवर मोजायचं यंत्र नसतं हे मान्य, पण काळंकुट्ट, धूर सोडणारं, फेसाळलेलं तेल ओळखायला यंत्र लागत नाही. वडापाव वर्तमानपत्रात बांधून देणं. शाईतले घटक गरम, तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्याला मनाई केलीय. कालची चटणी आज वापरणं. बर्फाचंही तसंच. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक आहे. तरी जो कारखान्याचा बर्फ सरबतात घालतो त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे, मी त्याच्या बाजूनं उभा राहणार नाही.

पायी चालणाऱ्यांचा रागही मला मान्य आहे. फूटपाथ चालण्यासाठी आहे. म्हाताऱ्या माणसानं, बाबागाडी घेतलेल्या आईनं गाड्यांमुळे रस्त्यावर उतरून चालायचं हे चालणार नाही. पण यावर उपाय आखलेली विक्रीक्षेत्रं हाच आहे. किती गाड्या, कुठं, किती वाजेपर्यंत, चालायला किती जागा सोडून, हे ठरवून पट्टे मारायचे. आज काहीच ठरलेलं नाही, म्हणून ज्याची ओळख आहे किंवा जो हप्ता देतो त्याची गाडी राहते. यात फूटपाथही जातो आणि प्रामाणिक विक्रेताही.

हे जमतं का? जमतं. सिंगापूरचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. तिथं १९६०च्या दशकाच्या शेवटी आधी सगळ्या फेरीवाल्यांची नोंदणी झाली. मग नळ, सांडपाणी आणि कचऱ्याची सोय असलेली हॉकर सेंटर बांधत बांधत १९८६ पर्यंत त्यांना तिथं हलवलं. आधी सोय, मग शिस्त. २०२० मध्ये तीच हॉकर संस्कृती युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. इतकं लांब नको असेल तर अहमदाबाद बघा. कांकरिया तलावाजवळच्या खाऊगल्लीला २०१८ मध्ये देशातलं पहिलं 'क्लीन स्ट्रीट फूड हब' म्हणून मान्यता मिळाली. केंद्रानं २०२३ मध्ये देशभर १०० फूड स्ट्रीट करायची योजना आणली, प्रत्येकी एक कोटी. चांगलं आहे. पण दिवे, कमानी आणि सेल्फी पॉइंट लावलेली एक गल्ली म्हणजे शहर नव्हे. बहुतेक लोक रिक्षा स्टँडपाशी, दवाखान्याबाहेर, कॉलेजच्या फाटकावर खातात. तिथं काय करणार आहात?

मोठं काही मागत नाही. माझ्या मागण्या अशा:

१. वीस-पंचवीस गाड्यांमागे एक मीटरचा नळ, धुण्याचा ओटा आणि तेलकट पाणी अडवणारी जाळी असलेलं ड्रेनेज. पाण्याचे पैसे विक्रेते देतील. जारचे रोज देतातच की.

२. त्या नळाच्या पाण्याची दरमहा तपासणी आणि निकाल तिथंच फलकावर.

३. जवळचं शौचालय गाड्या बंद होईपर्यंत उघडं, दिवा आणि पाण्यासह.

४. सर्वेक्षण, प्रमाणपत्र, ठरलेली जागा. शहर फेरीवाला समितीच्या बैठका नियमित आणि त्यांचे इतिवृत्त सगळ्यांना वाचायला खुले.

५. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं पहिल्या वेळी काय सुधारायचं ते मराठीत लिहून द्यावं. दुसऱ्यांदा तेच दिसलं तर दंड. तिसऱ्यांदा दिसलं तर गाडी बंद. पण हे नळ बसल्यानंतर.

मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेवर प्रशासक होता. विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहेत. पुढचा व्हिडिओ टाकाल तेव्हा त्यांना टॅग करा आणि एकच प्रश्न विचारा: इथून जवळचा नळ किती पावलांवर आहे?

आपण गिऱ्हाईक म्हणूनही थोडं करू शकतो. कागदात बांधलेलं नको म्हणा, घरून डबा न्या. प्लेट वाहत्या पाण्यात धुणाऱ्या गाडीवर दोन रुपये जास्त पडले तर कुरकुर करू नका. रात्रपाळीचा वॉचमन, कॅब चालवणारा, होस्टेलवरची पोरं, बांधकामावरचे मजूर यांना दुसरा पर्याय नाही, त्यांचं जेवणच तिथं आहे. आपण नाक मुरडून घरी जाऊन जेवू शकतो, ते नाही. त्यांच्या पोटात काय जातं याची काळजी शहरानं घेतलीच पाहिजे.

तुमच्या भागात कुठं अशी सोय झालेली असेल, नळ, ओटा, काहीही, तर कमेंटमध्ये जागा सांगा. जाऊन बघेन म्हणतो. विक्रेते मित्र हे वाचत असतील तर तुमचा पाण्याचा हिशोब लिहा. सगळे एकत्र करून प्रभाग कार्यालयात निवेदन देऊ. पटलं असेल तर पुढं पाठवा, नसेल पटलं तर वाद घाला, पण शिवीगाळ नको.