वेबसाइटचा इनटेक-आउटपुट चार्ट



आमच्या घरच्या तीन वेबसाइटी एकाच खात्यात आहेत. एकीवर नवगावच्या कबरींचे फोटो, दुसरीवर मलिद्याची गाणी, तिसरीवर स्वयंपाक. मध्यंतरी बिल वाढून आले. कंपनीने एकच आकडा कळवला, ठरल्यापेक्षा जास्त डेटा गेला. लगेच घरात ठरले, गाणी काढा, तीच जड. त्या गाण्यांत माझ्या आईचा आवाज आहे. मी म्हटले, थांबा जरा! तपासल्याशिवाय औषध देत नाहीत.

वॉर्डात आम्ही इनटेक-आउटपुट चार्ट ठेवत असू. कोणत्या पेशंटला किती पाणी गेले, किती बाहेर आले, चोवीस तासांनी बेरीज. सर्व्हरही असाच चार्ट लिहितो. त्याला लॉग म्हणतात. प्रत्येक मागणीला एक ओळ: कुठल्या पत्त्यावरून, केव्हा, कोणती फाइल, काय उत्तर दिले आणि किती बाइट गेले. २०० म्हणजे फाइल दिली, ४०४ म्हणजे सापडली नाही, ३०४ म्हणजे तुझ्याकडे आहे तीच वापर; तेव्हा फाइल पुन्हा जात नाही.

मुलांनो, १९९३ साली मोझेइक ब्राउझर आमच्याच इलिनॉयच्या विद्यापीठातून, एनसीएसए केंद्रातून आला. तिथल्याच सर्व्हरवरून १९९५ साली अपाची सर्व्हर तयार झाला. अपाचीला सांगून ठेवले, तर तो प्रत्येक ओळीत साइटचे नावही लिहितो. मग नावाप्रमाणे ओळी वेगळ्या करायच्या नि बाइटची बेरीज करायची.

नातवाने तसेच केले. आता हिशोब बघा. समजा, २० मेगाबाइटचे गाणे १०० वेळा ऐकले, तर गेले २ गिगाबाइट. पण ३ मेगाबाइटचा फोटो ४,००० वेळा उघडला, तर १२ गिगाबाइट! आमच्याकडे दुखणे तेच निघाले. कबरींच्या पहिल्याच पानावर कॅमेऱ्यातला अख्खा फोटो लावलेला. आणि मागणारे बरेचसे माणसे नव्हेत, सर्च इंजिनांचे रोबो! लॉगमध्ये मागणाऱ्या प्रोग्रामचे नाव ठेवले असेल, तर तेही कळते.

एक लक्षात ठेवा. साध्या लॉगमध्ये फक्त फाइलचे बाइट असतात, वरचे हेडर धरत नाहीत. म्हणून कंपनीचा आकडा आपल्या बेरजेपेक्षा थोडा जास्त येतो. त्यावरून भांडू नये.

पानावर लहान फोटो लावला, मोठा हवा त्याने क्लिक करावे. गाणी जागच्या जागी आहेत. शुक्रवारी दिवे लावण्याआधी मी एक ऐकते.

पुढच्या अंकी भेटू. शालोम.