लिस्बनची मेजवानी आणि राहिलेली गोळी

परदेशी निघालेल्या मंडळींच्या पिशवीत चिवडा, लोणचे आणि पाकिटातली खिचडी असतेच. सहल कंपन्याही ‘रोज भारतीय जेवण’ असे ठळक छापतात. मला हे पटत नाही. म्हणून 2023 च्या जूनमध्ये आम्ही चार मित्र पोर्तुगालला गेलो, ते तिथलेच जेवायचे असे ठरवून. सगळे साठी ओलांडलेले. बटाटा आणि पाव हे शब्द ज्यांच्याकडून घेतले, त्यांच्या दारी जाऊन खिचडी कसली खायची!

लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीत एका छोट्या खानावळीत बसलो. काही मागवण्याआधीच पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर आले. फुकट समजून आम्ही फडशा पाडला. नंतर बिलात पाहतो तर सगळ्याचे पैसे! नको असेल तर हात न लावता परत पाठवायचे असते. पैशांचे एक वेळ सोडा. ऑलिव्ह काय, चीज काय, सगळे मिठातले. त्यावर बाकाल्याउ, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. हा एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात, तरी खारटपणा थोडा उरतोच. बारीक तळलेला बटाटा, कांदा आणि अंडे घालून करतात तो प्रकार तर इतका चविष्ट, की आम्ही लागोपाठ तीन दिवस तोच मागवला.

तिसऱ्या रात्री आमच्यातल्या निवृत्त गुरुजींचे पाय सुजले. बूट चढेना, डोके जड. खोदून विचारले तेव्हा कळले, रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी त्यांनी निघाल्यापासूनच बंद केली होती. का, तर ‘परक्या गावात सारखी मोरी कुठे शोधायची?’ डॉक्टर मित्र शेजारच्या खोलीत असून हे विचारले नाही! हिरव्या क्रॉसच्या पाटीच्या औषध दुकानात रक्तदाब मोजला, 178/104. असे रुग्ण मी इथेही पाहतो. लग्नाला किंवा यात्रेला निघाले की पहिली सुट्टी या गोळीला. तिची वेळ पुढेमागे करता येते, पण ती डॉक्टरांना विचारून.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ सांगते. पोर्तुगालनेही 2009 मध्ये कायदा करून पावातल्या मिठाला 100 ग्रॅममागे 1.4 ग्रॅमची मर्यादा घातली. त्यांनाही दुखणे ठाऊक आहे.

गोळी सुरू केली, पण गुरुजींना खोलीत कोंडले नाही. मित्रांबरोबर टेबलावर बसण्यातही औषध असते. मागवणे मात्र बदलले. आधी काल्दु वेर्द, म्हणजे बटाट्याचे आणि चिरलेल्या हिरव्या पानांचे सूप. त्यातली सॉसेजची चकती बाजूला. मग निखाऱ्यावर भाजलेले ताजे तारले, वरचे जाडे मीठ झटकून. तिथे एक पूर्ण ताट बहुधा दोघांना पुरते, आणि अर्धे मागितले तरी कोणी नाक मुरडत नाही.

पोर्तो गाठेपर्यंत बूट चढू लागले, रक्तदाब 146/88 वर आला. तिथल्या बिलात मात्र ऑलिव्ह पुन्हा लागले होते. ते कोणी खाल्ले, हे अजून कोणी कबूल केलेले नाही.