कंबरदुखी : काटा स्वस्त, शिकवणारा दूर

सोयाबीनची सोंगणी आटोपते न आटोपते तोच कापसाची वेचणी सुरू होते. बाळापूर तालुक्यात कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाया आणि पाठीवर फवारणीचा पंप वाहणारे मजूर कंबरदुखीला आजार मानत नाहीत. ‘कामाचं दुखणं’ म्हणून ते अंगावर काढले जाते. असह्य झाले की कंबरेचा पट्टा विकत घेतला जातो, नाहीतर ट्रॅक्शनवर कंबर ताणून घेतली जाते.

नेमक्या याच दोन उपायांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने सावध केले आहे. डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या साध्या कंबरदुखीत पट्टा आणि ट्रॅक्शन हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत. भर हवा तो रुग्णाला दुखणे समजावून सांगण्यावर आणि व्यायामावर. २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे.

‘व्यायाम करा’ असे सांगणे सोपे असते. पण पोटाचे आतले स्नायू दिसत नाहीत, त्यामुळे व्यायाम बरोबर होतो आहे की नाही हे रुग्णाला कळत नाही. इथे बायोफीडबॅक उपयोगी पडते. शरीरात जे घडते पण जाणवत नाही, ते आकड्यात किंवा आवाजात दाखवणारे हे तंत्र. त्वचेवर इलेक्ट्रोड लावणारी यंत्रे महाग असतात. स्वस्त प्रकारात हवेची एक पिशवी आणि दाब दाखवणारा काटा एवढेच असते. तत्त्व रक्तदाब मोजण्याच्या काट्याच्या यंत्राचेच असल्याने बीपीचा पट्टाही घडी करून वापरता येतो. आपोआप फुगणारे डिजिटल यंत्र मात्र चालत नाही.

रुग्णाने गुडघे दुमडून उताणे झोपायचे. कंबरेखालच्या पोकळीत पट्टा ठेवून काटा ४० पर्यंत येईल इतकी हवा भरायची. मग श्वास न रोखता बेंबीखालचे पोट हळूच आत घ्यायचे आणि एक टाच पुढे सरकवायची. काटा फारसा हलला नाही, तर कंबर स्थिर राहिली. काटा एकदम घसरला किंवा चढला, तर कंबर उचलली गेली किंवा जास्त दाबली गेली. अक्षरओळख नसलेल्यालाही हे समजते.

तरीही दुखणे बरे करते ते यंत्र नव्हे. स्नायूंवर ताबा मिळवण्याचे असे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा सरस ठरत नाहीत, असा निष्कर्ष कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात निघाला. फायदा नियमित व्यायामाचा आहे. काटा फक्त सुरुवातीला वळण लावतो. नंतर चालणे आणि घरी रोजचा व्यायाम हाच खरा उपचार.

अडचण यंत्राच्या किमतीची नाही, तर शिकवणाऱ्या माणसाची आहे. व्यायाम शिकण्यासाठी पुन्हापुन्हा अकोल्याला जायचे, तर भाड्यासोबत त्या दिवसाची मजुरीही बुडते. ऐन वेचणीत ती कोणाला परवडणार? म्हणून आठवड्यातून एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्ट तालुक्याला मिळाला आणि उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांना मोजके व्यायाम शिकवले गेले, तर तिथला बीपीचा पट्टा दुहेरी कामाचा ठरेल.

मात्र पायात बळ नसणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, ताप, विनाकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतरची कंबरदुखी असेल, तर व्यायामाच्या भरवशावर न थांबता तातडीने डॉक्टर गाठावा.