पोरांना कायदा, थोरांना रामभरोसे

पुण्यात कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो. वडापावची गाडी लावायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. पण एखादा बंगला भाड्याने घ्या, खोल्यांत खाटा दाटीवाटीने टाका, फाटकावर मायेचा-सावलीचा फलक लावा आणि लोकांचे आईबाप ठेवून घ्या. तुमची पात्रता काय, हे विचारणारा केंद्राचा कायदा आजही नाही.

संस्थाचालक लगेच धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र पुढे करतात. ते ट्रस्टचे असते. आयुक्तालय हिशेब बघते. रात्री आजींना कुशीवर कोणी वळवले का, हे बघत नाही.

नात्यातल्या एका काकूंसाठी मी असे एक ‘केअर होम’ पाहायला गेलो होतो. डिपॉझिट, महिन्याचे पैसे, डायपरचा खर्च वेगळा, सगळे छापील. रात्री दोन मावशी असतात म्हणे. वर गेलो तर एकच होती, दुसरी गावाला गेलेली. खाटेवर नाकात नळी घातलेले आजोबा, माकडहाडापाशी जखम, खोलीभर फिनेलचा वास. जखम कधीची? ‘आले तेव्हापासूनच.’ कुठे लिहून ठेवलंय? कुठेच नाही. पावतीपुस्तक मात्र चोख.

2007 साली ज्येष्ठांसाठी कायदा झाला. मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत पोटगी आणि जिल्ह्याला किमान 150 निराधारांचा एक वृद्धाश्रम, हे त्यात आहे. खासगी वृद्धाश्रमांवर नोंदणीची सक्ती नाही. ती करणारे, डे केअर केंद्रे आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांनाही किमान निकष लावणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबरच निकालात निघाले. प्रचारात म्हाताऱ्यांच्या पाया पडायला मात्र सगळ्यांना वेळ होता!

आता 2015 चा बाल न्याय कायदा बघा. नोंदणीशिवाय बालगृह चालवाल तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. लहान मुलाला आपले गाऱ्हाणे मांडता येत नाही, म्हणून सरकारने मध्ये पडायचे. रास्तच आहे. मग स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना ते मांडता येते काय?

‘परवाने आले की हप्ते आले, चांगल्या संस्था बंद पडतील,’ असे शहाणे लोक सांगतात. पोलीस चिरीमिरी घेतात म्हणून आपण गाडीचे लायसन्स रद्द केले नाही. आणि चांगल्या संस्थेला तपासणीची भीती कशाला? भीती त्यांना, ज्यांचा नफाच एका मावशीचा पगार वाचवण्यात आहे.

मागणी साधी आहे. नोंदणी सक्तीची करा. किती खाटांमागे किती माणसे, दिवसा आणि रात्री, हे ठरवा. डॉक्टरची भेट आणि प्रत्येक जखम वहीत लिहायला लावा. न सांगता तपासणी करा आणि अहवाल लोकांपुढे ठेवा.

तोवर अमेरिकेतून पैसे पाठवणाऱ्या आणि कोथरूडातून रविवारी भेटायला जाणाऱ्या, दोघांनाही एकच सांगणे: डिपॉझिटचा चेक देण्याआधी कुणाला तरी रात्री नऊनंतर, न कळवता तिथे पाठवा. फाटकातून आत घेतले नाही, तर चेक फाडून टाका.