आधी कावळा बघा

माझ्या पक्ष्यांच्या वहीत पहिल्याच पानावर ‘शिक्रा’ असं लिहून त्यावर काट मारलेली आहे. निवृत्तीनंतरचा दुसरा महिना होता. भाच्यानं दिलेली दुर्बीण गळ्यात घालून मी सोलापुरात आमच्या कॉलनीमागच्या कडुनिंबाखाली उभी होते. राखाडी पाठ, छातीवर तांबूस छटा, शेपटीवर आडवे पट्टे. पुस्तकातल्या चित्राशी सगळं जुळलं. तेवढ्यात चिमण्या-बुलबुलांनी एकच गलका केला. म्हणजे शिकारीच! मी लगेच पक्षीमित्रांच्या ग्रुपवर वर्दी दिली. संध्याकाळी एका विशीतल्या पोरानं अदबीनं विचारलं, ‘काकू, चोच बघितलीत का?’

चोच मी बघितलीच नव्हती. तो पावशा होता. मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडतो, तोच. मंगळवेढ्याला आमच्या रानात दर उन्हाळ्यात त्याचा आवाज ऐकत मी मोठी झाले, आणि समोर बसला तर ओळखला नाही. त्याचे पट्टे, त्याचा रंग, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. छोटी पाखरंही फसतात आणि ओरडा करतात. पण शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकलेली असते, पावशाची बारीक आणि जवळजवळ सरळ. पहिल्या नजरेत रंग भरला की बाकीचं बघायचं राहून जातं. नवशिक्यांच्या दहातल्या आठ चुका इथेच होतात, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, मोजदाद केलेली नाही.

मी टपाल खात्यात होते. सुरुवातीची पुष्कळ वर्षं हातानं पत्रं लावण्यात गेली. ज्या लाकडी खणांत आम्ही ती टाकायचो त्यांना पिजनहोल म्हणतात. इतकी वर्षं पिजनहोलांसमोर उभी राहिले आणि खिडकीच्या गजावर बसणारा पारवा एकदाही धड पाहिला नाही. असो. पिन कोड १९७२ सालीच आला होता, तरी लोक तो लिहीत नसत. ‘मारुतीच्या देवळामागे, विहिरीजवळ, बापूंच्या थोरल्याला मिळावे’ असले पत्ते. नाव पुसलेलं, गावाचं अर्धंच अक्षर. मग तालुका कुठला, शिक्का कुठला, पाठवणाऱ्याचं आडनाव काय, असं करत करत पत्र घरी पोचायचं. पाकिटाचा रंग बघून कोणी पत्र लावलेलं मला आठवत नाही.

पाखरू हे असंच अर्धवट पत्त्याचं पाकीट आहे. दोन सेकंद दिसतं आणि पानाआड जातं. तेवढ्यात आधी आकार बघावा, मग चोच, मग शेपटी आणि तिचं काय चाललंय ते. बसलंय कुठे, जमिनीवर, तारेवर की फांदीच्या टोकाला? रंग सगळ्यात शेवटी. सावलीत जांभळा शिंजीर काळाकुट्ट दिसतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. त्यात विणीचा हंगाम सरला की नराचा तो झगमगाट उतरतो. पोट पिवळट होतं आणि गळ्यावरून छातीपर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. वहीत मी त्याला दोन वेगळे पक्षी म्हणून नोंदवलं होतं. म्हणजे एकाच माणसाला दोन रेशनकार्डं.

सलीम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मध्ये १९४१ पासून आकार आधी बघायची युक्ती आहेच. तिथे पक्ष्याचं माप सांगताना चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना केलेली असते. साळुंकीएवढा, चिमणीपेक्षा लहान, असं. ही मोजपट्टी फुकट आहे. अट एकच, चिमणी आणि साळुंकी आपल्याला पक्की माहीत हवी. स्वतः सलीम अलींची सुरुवातही चिमणीपासून झाली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेले. आज आपण नवशिक्याला धरून थेट भिगवणला नेतो. समोर शेकडो रोहित. बघणारा खूश, फोटो झकास. पण शिकला काय? रोहित ओळखायला शिकावं लागत नाही.

म्हणून कोणी विचारलं की सुरुवात कशी करू, तर मी सांगते, सहा महिने कावळा बघा. लोक हसतात. मीही हसले असते. सासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे तासभर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे होतो. अखेर शिवला. कोणता शिवला, हे मला कोणी विचारलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता कळतं की कावळ्यांत दोन जाती आपल्या रोजच्या बघण्यातल्या आहेत. राखाडी मानेचा तो गावकावळा. सबंध काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. पन्नाशी उलटेपर्यंत मला दोन्ही एकच होते, आणि वर्षातून एकदा ताट वाढून ‘काऽऽव काऽऽव’ करत मी त्यांना बोलवतही होते.

कावळा लक्ष देऊन पाहिला की कोकीळ आपोआप पदरात पडते. उन्हाळ्यात कावळ्याचं घरटं सापडलं की त्याच्या आसपास काळाभोर, लाल डोळ्यांचा नर कोकीळ आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी घुटमळताना दिसते. त्या मादीला बघून कित्येकांना वाटतं, काहीतरी दुर्मीळ सापडलं. पुढे कावळीण आपल्याच लेकराच्या मायेनं कोकिळेचं पोर भरवताना दिसते. आमच्या कॉलनीत गुलमोहरावर हे सगळं नाटक घडलं. त्यासाठी पेट्रोल जाळावं लागलं नाही.

दुसरं सांगणं नावांबद्दल आहे, आणि तिथे माझा थोडा राग आहे. लहानपणी हिवाळ्यात मी शाळू राखायला माळ्यावर बसायचे. हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग. भोरड्यांचा थवा ढगासारखा यायचा आणि कणसं झोडायचा. भोरडी माझी शत्रू होती, त्यामुळे ती मला शंभर कदमांवरून कळायची. ग्रुपवर आल्यावर सगळे ‘रोझी स्टार्लिंग’ म्हणायला लागले. मी महिनाभर हे काय नवीन म्हणून शोधत होते. सापडलं तेव्हा कपाळावर हात मारला. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. माझी भोरडीच! मध्य आशियाकडून इतका पल्ला मारून ती आमच्या ज्वारीवर यायची, हे मात्र मला इंग्रजी नावामुळे कळलं. तेवढं श्रेय देते.

पण मराठी नाव नुसतं नाव नसतं, ती पक्ष्याची खूण असते. शिंपी पानं शिवून घरटं करतो. खाटीक टोळ-सरडा मारून काट्याला टांगतो. तांबट झाडात बसून ‘टुक टुक’ ठोके देत राहतो, तासन् तास. पाण्याकाठी शेपटी आपटत चालतो तो धोबी. स्वतःपेक्षा थोराड कावळ्या-घारींना हुसकावून लावतो तो कोतवाल. सुतार तर आहेच. एका चिंचेवर अर्धी बलुतेदारी नांदते. ही नावं ठेवणाऱ्यांकडे दुर्बीण नव्हती, पण पाखरू काय करतं ते त्यांनी पाहिलं होतं. नवशिक्याला नेमकं तेच शिकायचं असतं. कोतवालाचं ‘ब्लॅक ड्रोंगो’ पाठ केलं तर काळा एवढंच कळतं. काळे काय, पुष्कळ आहेत.

कोणी म्हणेल, मराठी नावांत गोंधळ फार. खरं आहे. माझी भोरडी दुसऱ्या पुस्तकात पळसमैना होते, आणि दर चार कोसांवर नाव बदलतं. म्हणून शास्त्रीय नाव लागतंच. पण हा गोंधळ निस्तरायचं काम आमच्याच सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर केलं. वनखात्याच्या नोकरीत ते रानात राहिले, तिथल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून त्या आठवड्यात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. सप्ताह चालू आहे. मला एका शाळेत त्यासाठी बोलावलं होतं. फळ्यावर रंगीत खडूंनी मोर काढला होता, मुलांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या चोची होत्या, माझं भाषण चाळीस मिनिटांचं. खिडकीबाहेर मैदानावर पाच-सहा सातभाई कलकलाट करत पालापाचोळा उलटत होते. मी बाईंना म्हटलं, मुलांना बाहेर नेऊ या का? त्या म्हणाल्या, ‘परवानगी नाही हो.’ पुढच्या वर्षी मी भाषणच द्यायचं नाही, असं ठरवलंय. बाहेर नेणार असाल तर येते.

आता अ‍ॅपचं. फोन आवाज ऐकतो आणि पक्ष्याचं नाव सांगतो. मीही वापरते. पण पाखरू ओरडलं, फोन काढला, नाव आलं, फोन खिशात, असं झालं की डोळ्यांना कामच उरत नाही. मी आधी वहीत माझा अंदाज लिहिते, मग फोनला विचारते. तो परीक्षक म्हणून बरा आहे. मात्र फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला झुडपातून बाहेर काढायची जी सवय लागली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. विणीच्या दिवसांत हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो बिचारा पोरांना भरवायचं सोडून भांडायला धावून येतो. आपल्याला फोटो मिळतो.

गेल्या मे महिन्यात नान्नजच्या अलीकडे, माळढोक अभयारण्याबाहेरच्या माळावर आम्ही चौघं उभे होतो. माळढोक दिसेल या आशेनं आलेली एक गाडी वाट सोडून सरळ गवतात शिरू लागली. लांब भिंगांचे कॅमेरे, अंगावर झाडापानांच्या नक्षीचे कपडे. मेंढरांमागचा म्हातारा काठी आडवी धरून उभा राहिला. ‘हिकडनं नगा जाऊ, टिटवीनं अंडी घातल्यात.’ गाडीतले म्हणाले, कुठे? त्यानं काठीनं दाखवलं. मला दहा पावलांवरून काही दिसेना. खडे, ढेकळं, वाळलेलं गवत. मग एकदम त्या खड्यांतले चार खडे अंडी झाले. गाडी मागे गेली, पण काच खाली करून एकानं विचारलंच, ‘बाबा, माळढोक कुठं दिसतो?’ म्हातारा म्हणाला, ‘तुमी आवाज केल्यावर कसा दिसंल?’ त्याला पखुर्डीची पाणी प्यायला यायची वेळ ठाऊक होती आणि धाविक जमिनीवर कसा पळतो तेही. आमच्या ग्रुपमध्ये दोनशे जण आहेत. मेंढपाळ एकही नाही.

टपालात पत्ता न लागलेलं पत्र शेवटी आरएलओत जायचं, म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिसात. माझ्या वहीची मागची पानं मी त्यासाठी ठेवली आहेत. ओळख न पटलेली पाखरं तिथे जातात. पावशा तिथे गेला असता तर पहिल्या पानावर काट आली नसती. सध्या अकरा नोंदी आहेत. कधी कधी एखादीचा वारस सापडतो. मागच्या ऑक्टोबरात कुंपणाच्या भिंतीवर शेपटी थरथरवत बसलेला थिरथिरा पाहिला आणि चौथी नोंद सुटली. शेवटची नोंद अशी आहे : ‘हिप्परगा तलावाच्या वरच्या अंगाला, तुरीत. चिमणीपेक्षा लहान. शेपटी लांब, सारखी वर. चोच बारीक. आवाज नाही. वटवट्यांपैकी?’ परवा पुन्हा गेले होते. तूर काढून झाली होती आणि रानात नांगर चालला होता. नांगरामागे गायबगळे होते, साळुंक्या होत्या आणि एक डोमकावळा.