हिटर नव्हे, मोटार



आषाढीत व्होल्टेज डाऊन झालं की हिटर जादा करंट ओढतो नि बिल फुगतं, हे एका पत्रलेखकाचं म्हणणं चूक आहे. आमच्या मठातल्या हिटरवर २३० व्होल्ट, २००० वॅट छापलंय. भागाकार केला तर ८.७ अँपिअर, रोध साधारण २६.५ ओहम. दशमीच्या पहाटे व्होल्टेज १८० होतं. क्लॅम्प मीटर लावला, ६.८ अँपिअर. गुणाकार जेमतेम १२२५ वॅट! बादली तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागला, वारकरी ताटकळले, पण युनिटं जवळपास तेवढीच.

बोअरची मोटार मात्र त्याच व्होल्टेजला गुरगुरत जादा करंट घेते. गेल्या वारीत जळालेलीचं वाइंडिंग मीच भरलंय.

– एक वायरमन, पंढरपूर